ताट वेगळं, हवा एकच

देवगडकडच्या आमच्या जुन्या घरात पडवीच्या खांबाला एक खिळा होता आणि त्या खिळ्याला एक जर्मनचं ताट टांगलेलं असायचं. काठाला भोक पाडलेलं आणि कानशीनं घासून केलेली एक खूण, घासताना ते घरातल्या इतर भांड्यांत मिसळू नये म्हणून. ताट मधल्या काकाचं. १९८२ च्या संपात त्याची गिरणी बंद पडली ती पडलीच. वर्षभर लालबागला मिळेल ते काम करून तो शेवटी खोकला घेऊन गावी आला. काय झालंय ते घरात कुणी तोंडानं बोलत नसे. ‘तेका बरां नाय’, एवढंच. आजीनं मात्र पहिल्याच दिवशी आईला सांगितलं, “तेचां ताट येगळां ठेय गो. पोरांका हात लावूक देव नको.” काका जेवायचा, ताट स्वतःच विहिरीवर नेऊन राखेनं घासायचा आणि परत खिळ्याला अडकवायचा. मी तेव्हा आठ वर्षांची. ते ताट उन्हात चमकायचं आणि त्याला हात लावायची मला फार भीती वाटायची.

मग जून लागला. पावसाची झड पडवीत येऊ लागली. चुडतांची झापं बांधली तरी अंथरूण भिजायचं. असा माणूस ओलीत कसा झोपवायचा, म्हणून काका रात्री माजघरात यायला लागला. आमचं माजघर म्हणजे वर फळ्यांचा माळा, हातभर दोन खिडक्या, त्याही पावसाळ्यात लावलेल्या, आणि ओळीनं अंथरलेल्या गोधड्यांवर आम्ही नऊ जण. काका भिंतीकडे तोंड करून रात्रभर खोकायचा. त्याच्या शेजारी धाकट्या काकांची मुलगी झोपायची, कारण त्याला रात्री पाणी लागलं तर ती चटकन उठायची. तीन वर्षांनी तिच्या छातीच्या फोटोत डाग निघाला. ती औषधांनी खडखडीत बरी झाली. पण तिचं लग्न ठरवताना ही गोष्ट लपवायची की नाही यावर घरात झालेली भांडणं मला अजून आठवतात.

तिला ते काकाकडूनच आलं हे छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. पण घरातल्यांना वाचवण्यासाठी आम्ही ताट वेगळं केलं आणि हवा एकच ठेवली, हे तर खरं. काकाला क्षय होता, आणि क्षय उष्ट्या ताटातून पसरत नाही. तो पसरतो खोकल्यातून हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांतून, बंद खोलीत, तासन्‌तास. ज्या एका गोष्टीची गरज नव्हती ती आम्ही निष्ठेनं पाळली, आणि जिची गरज होती ती आमच्या डोक्यातही आली नाही. माझं म्हणणं असं आहे की चाळीस वर्षांनंतरही कोकणात, आणि सरकारी कारभारातही, जवळजवळ तसंच चाललं आहे. आजार घरात आला की आपण माणूस वेगळा करतो. आजाराची वाट काही आपण तोडत नाही.

आजी अडाणी होती म्हणून हे झालं असं मला वाटत नाही. उलट वेगळं ठेवण्याचं शास्त्र आमच्या घरांइतकं पक्कं कुठे असेल! सोवळ्याचं वेगळं, ओवळ्याचं वेगळं. सुतकातल्याचं वेगळं. महिन्याचे चार दिवस बाई पडवीत, तिची वाकळ वेगळी, तिचं ताट-तांब्या वेगळा. कुणाला ओटीपर्यंत येऊ द्यायचं, कुणाला पुढच्या अंगणात, खळ्यातच उभं करायचं आणि कुणाला वरून पाणी ओतायचं, हे सगळं ठरलेलं. त्या लाजिरवाण्या व्याकरणात क्षयही जाऊन बसला. त्यामुळे आजाऱ्याचं ताट वेगळं झालं ते विटाळ म्हणून. आणि विटाळ हा शिवल्यानं होतो, श्वासानं होत नाही. म्हणून तर रात्री एका माजघरात झोपताना कुणाला काही वावगं वाटलं नाही. अडचण अशी की या प्रकारात आजाऱ्याच्या वाट्याला फक्त अपमान येतो आणि घरातल्यांच्या वाट्याला खोटा धीर. ताट वेगळं आहे ना, मग झालं!

क्षय हवेतून लागतो हे अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १९५० च्या दशकाच्या अखेरीस फार सोप्या युक्तीनं दाखवलं गेलं. क्षयाच्या एका लहान वॉर्डातली हवा नळ्यांमधून वर नेऊन ती गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. त्या जनावरांचा रुग्णांशी दुसरा काहीही संबंध नव्हता, ना शिवणं, ना उष्टं. तरी त्यांना क्षय झाला. ज्या पिंजऱ्यांकडे जाणाऱ्या हवेवर वाटेत अतिनील किरण सोडले होते, तिथली जनावरं वाचली. याच सुमारास आपल्याकडे मद्रासला दुसरा प्रश्न सोडवला जात होता. १९३ रुग्ण घेतले. निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, चांगलं खाणं, विश्रांती, मोकळी हवा. निम्म्यांना त्यांच्या गरीब, दाटीवाटीच्या घरातच ठेवून तीच औषधं दिली. १९५९ पासून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध होत गेले आणि जगभरच्या सॅनेटोरियमना त्यानंतर टाळं लागत गेलं. घरी औषध घेणारे जवळजवळ तितकेच बरे झाले. आणि आपल्या विषयाला धरून महत्त्वाचं म्हणजे, रुग्ण घरी राहिला म्हणून घरातल्यांना क्षय जास्त झाला नाही. कारण जी लागण व्हायची ती बरीचशी निदानाच्या आधीच, नुसता ‘खोकला आहे’ म्हणून महिने काढण्यात होऊन गेलेली असते. साध्या क्षयावर औषध लागू पडलं की रुग्णाकडून पसरणं झपाट्यानं उतरतं.

हे वाचलं तेव्हा मला काकाचा खूप कळवळा आला. औषध सुरू झाल्यावरही चार वर्षं त्याचं ताट खिळ्यालाच होतं. ज्या काळात तो कुणाला काही देऊ शकत नव्हता त्या काळात आम्ही त्याला सर्वांत जास्त टाळलं.

हवेचा विषय निघालाच आहे तर घरांबद्दल थोडं बोलायला हवं, कारण कोकणातली घरं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पार बदलली आहेत. पेरूतल्या लिमा शहरात इस्पितळांच्या खोल्यांमधली हवा तासाला किती वेळा बदलते ते मोजलं गेलं. २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. नुसती दारंखिडक्या उघडल्यावर हवा तासाला २८ वेळा बदलत होती, आणि यंत्रानं हवा खेळवलेल्या खोल्यांत १२ वेळा. त्यातही १९५० पूर्वीच्या उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत ४० वेळा, तर नव्या इमारतींत १७ वेळा. आमच्या कौलारू घराची पडवी हे वाचून मला लगेच आठवली. तीन बाजूंनी उघडी, वर कौलांच्या फटी. घरातली सर्वांत निरोगी जागा तीच होती. पण जुन्याचे गोडवे गाण्यातही अर्थ नाही. माजघर तेव्हाही काळोखी आणि कोंदट होतं आणि चुलीच्या धुरानं बायकांच्या छात्या वेगळ्याच जात होत्या.

आता गावोगाव स्लॅबची घरं आली. मुंबईच्या पैशानं बांधलेली, गुळगुळीत लाद्यांची. त्यांना स्लायडिंगच्या खिडक्या, ज्या कितीही सरकवल्या तरी अर्ध्याच उघडतात. बाहेरून डासांची जाळी. आतल्या बेडरूमला एसी, जो बाहेरची हवा आत घेत नाही, तीच ती गार करून फिरवत राहतो. आणि सगळीकडे दरवळणारी अगरबत्ती. ताप आला की म्हातारी म्हणते, वारं लागेल, खिडकी लाव. या एका वाक्यानं कोकणात जेवढी लागण पसरवली असेल तेवढी उष्ट्या भांड्यांनी खचितच नाही. आजाऱ्याला पांघरूण द्या, कानाला रुमाल बांधा, पण खिडकी उघडी ठेवा, हे मी घरोघरी सांगते आणि घरोघरी ऐकून घेऊन खिडकी लावली जाते.

करोनाच्या काळात तर ही चूक सरकारी शिक्क्यासह झाली. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंच जाहीर सांगितलं होतं की हा आजार हवेतून पसरत नाही. त्यांना शब्द बदलायला वर्ष लागलं. तोवर आपण भाज्या साबणानं धुतल्या, वर्तमानपत्रं उन्हात टाकली, वाडीच्या रस्त्यावर आणि गडग्यांवर फवारण्या मारल्या. चाकरमान्यांना गावच्या शाळांमध्ये ठेवलं. मी शिकवते त्या शाळेतही ठेवलं होतं. पाचवीच्या वर्गात बाकं जोडून पलंग केले होते. फळ्यावर प्रत्येकाचं नाव आणि आल्याची तारीख खडूनं लिहिलेली, जशी हजेरी. दोन कुटुंबं वेगवेगळ्या दिवशी आलेली, पण वर्ग एक आणि संडास एक. पावसाचा थंड वारा नको म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या. पुन्हा तेच. गावातून वेगळे केले आणि एका हवेत कोंडले.

पुढच्या वर्षी उलटी गंमत झाली. मे २०२१ च्या अखेरीस राज्य सरकारनं ज्या १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करायचं जाहीर केलं त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग होते. घरी राहून लोक नियम पाळत नाहीत, घरचेच घरच्यांना बाधित करतात, तेव्हा सर्वांना केंद्रात न्या, असा तो विचार. त्याच महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं होतं. कितीतरी गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. मी या निर्णयाला सरसकट चूक म्हणणार नाही. ज्या घरात एकच खोली आणि सात माणसं, तिथे केंद्र बरं होतं, आणि काहींचे जीव त्यामुळे वाचलेही असतील. पण ‘लोक पाळत नाहीत’ हे जे कारण होतं ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. घरी राहण्यासाठीच्या सूचना काय होत्या? हवेशीर स्वतंत्र खोली. जमलं तर स्वतंत्र संडास. चोवीस तास काळजी घेणारं एक माणूस. ही यादी करणाऱ्यानं मच्छीमारांच्या वस्तीतलं किंवा हापूसच्या बागेतल्या नेपाळी गड्यांचं खोपटवजा मांगरातलं घर पाहिलं असतं तर त्याला कळलं असतं की यातली एकही गोष्ट ‘पाळण्या’ची नव्हती, ती असण्याची होती. ज्याच्याकडे खोली नाही तो खोलीचा नियम मोडू शकत नाही. आणि केंद्रात नेण्याच्या धाकानं लोक तपासणीच टाळायला लागले तर घरातल्यांचा धोका वाढतो, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. लपवलेला खोकला घरासाठी सर्वांत वाईट.

आणि ते चोवीस तास काळजी घेणारं ‘एक माणूस’ म्हणजे कोण, हे सूचना लिहिणाऱ्यालाही ठाऊक होतं. सून, नाहीतर बायको, नाहीतर आमच्या चुलत बहिणीसारखी एखादी पुतणी, जी रात्री पाणी द्यायला चटकन उठते. घरातल्यांना सांभाळा म्हणताना हिला कुणी सांभाळायचं? आजाऱ्याजवळ जाताना चांगला मास्क पहिल्यांदा हिला हवा, आणि रात्री दुसऱ्या खोलीत झोपायची मुभाही. आमच्याकडे नवरा आजारी असताना बायको दुसऱ्या खोलीत झोपली तर वाडीभर चर्चा होते. एकानंच सेवा करावी, बाकीच्यांनी लांब राहावं, हा नियम चांगलाच आहे. फक्त तो एक कोण हे दरवेळी आधीच ठरलेलं नसावं, एवढंच.

सगळे आजार हवेतून येत नाहीत, आणि त्यामुळेच वाट ओळखायला हवी असं मी म्हणते. खरूज घ्या. दर पावसाळ्यात माझ्या वर्गात दोन-चार मुलं बोटांच्या बेचक्या खाजवत बसतात. आई मलम आणते, खाजणाऱ्या पोरालाच लावते, महिन्यानं पुन्हा तेच. कारण पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर त्याच गोधडीतली बहीण, आजी, बाप, सगळ्यांच्या कातडीत किडा शिरलेला असतो आणि त्यांना पत्ताच नसतो. म्हणून मलम घरातल्या झाडून सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, आणि आठवड्यानं पुन्हा. कपडे, चादरी गरम पाण्यात. पण जुलैत आमच्याकडे गोधडी वाळते कधी? त्यावर एक साधा उपाय आहे. जे धुता-वाळवता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारून आठवडाभर ठेवून द्यायचं, किड्याला माणसाचं अंग मिळालं नाही की तो मरतो. हे एवढं पालकसभेत सांगितल्यावर एका आईनं विचारलं, मग सरकारी दवाखान्यात एकाच्याच नावावर एकच ट्यूब का देतात? मला उत्तर देता आलं नाही.

डोळे आले की काळा गॉगल. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ होती तेव्हा बाजारात गॉगलवाल्यांची चंगळ झाली. नजरेला नजर भिडवल्यानं डोळे येत नाहीत, ते येतात हातानं आणि न्हाणीतल्या एकाच खुंटीवरच्या एकाच पंचानं. कावीळ झालेल्याला पथ्याचं वेगळं शिजतं, पण दूषित पाण्यातून येणारी जी कावीळ असते ती डोळे पिवळे व्हायच्या आधीच सर्वांत जास्त पसरते. म्हणजे पिवळेपण दिसल्यावर केलेली वेगळी चूल उशिराची. तिथे कामाला येतो तो संडासावरून आल्यावरचा साबण आणि उकळलेलं पाणी. साबणाला पाणी लागतं, आणि तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या पट्टीत मे महिन्यात टँकर येतो, हे वेगळं दुखणं. सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याकडे २०१६ पासून माकडताप येतो. तो गोचिडीनं येतो, काजूच्या बागेतून, माणसाकडून माणसाला नाही. त्या आजाऱ्याला खुशाल कवटाळा. लेप्टोस्पायरोसिसचा तापही भातखाचरातल्या पाण्यातून येतो, उष्ट्या ताटातून नाही. तरी अशा घरातही लोक ओटीवर पाणी प्यायला तयार नसतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो. आमच्याकडे आजाऱ्याला एकटं टाकत नाहीत, असं. कुणी पडलं म्हणताच वाडी बघायला येते. शहाळं, मोसंबी, बिस्किटाचा पुडा. आजाऱ्याच्या उशाशी बसून, त्याचा हात हातात घेऊन, ‘कसा आसा?’ मला ही चाल मोडायची नाही. शहरातल्या फ्लॅटमध्ये तीन दिवस कुणालाही न कळता तापानं फणफणणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यापेक्षा वाडी बरी. पण बघायला येणं म्हणजे आत येणं, हे कुणी ठरवलं? खळं कशाला आहे? प्लास्टिकच्या चार खुर्च्या खळ्यात टाका, आजाऱ्याला ओटीच्या कडेला बसवा, गप्पा मारा. वाऱ्यावर गप्पा मारण्यात माया कमी होत नाही.

शाळेचंही सांगते, कारण दोष आपल्याकडेही असतो. वर्षाअखेरीला शंभर टक्के हजेरीचं बक्षीस असतं. मी ते वर्षानुवर्षं टाळ्यांच्या गजरात वाटलं. ते मिळावं म्हणून ताप अंगावर काढून शाळेत आलेली पोरं मला माहीत आहेत. त्यांच्या बाकावरून तो ताप किती घरांतल्या आज्यांपर्यंत गेला असेल याचा हिशेब मी कधी केला नव्हता. मोठ्यांना बक्षीस नसतं, तिथे पोट असतं. ट्रॉलरवरचा खलाशी फेरीला गेला नाही तर पैसे नाहीत, म्हणून तो खोकत जातो आणि केबिनमध्ये दाटीवाटीनं झोपतो. आजारी माणसानं घरी थांबावं असं म्हणणाऱ्यानं त्याची त्या दिवसाची मजुरी कुठून येणार हेही त्याच श्वासात सांगावं.

आता पुन्हा ताटाकडे येते, कारण ताटाचा क्षयाशी संबंध आहे, फक्त तो आजीला वाटला तो नाही. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात एक मोठा प्रयोग झाला. क्षयाचे २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली दहा हजारांवर माणसं. काही भागांमध्ये फक्त रुग्णाला शिधा दिला, काहींमध्ये रुग्णाबरोबर घरातल्या प्रत्येकाला. घरातल्यांना तांदूळ, डाळ, वर जीवनसत्त्वांच्या गोळ्या. दुसरं काही नाही. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे घरातल्यांमधलं क्षयाचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे ताट वेगळं आहे की नाही यानं काही होत नाही, ताटात काय आहे यानं होतं. आमच्या घरी काकासाठी अंडं उकडलं जायचं, आणि त्याला रात्री पाणी देणारी पोर सगळ्यात शेवटी पेज आणि खारातली कैरी खाऊन उठायची.

क्षयरुग्णाच्या खाण्यासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेचा पैसा त्याच्या खात्यात येतो. २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये होता, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाला. चांगलं झालं. घरातल्यांसाठी शिधा मात्र निक्षय मित्र म्हणून पुढे येणाऱ्या दात्यांवर सोपवला आहे. ज्या तालुक्यात दाता मिळाला तिथे टोपली, नाही मिळाला तिथे नाही. झारखंडातला निष्कर्ष इतका स्वच्छ असताना हे काम दात्याच्या मर्जीवर ठेवणं मला पटत नाही. घरातल्यांसाठी प्रतिबंधक गोळ्याही आहेत. पूर्वी त्या लहान मुलांपुरत्या होत्या, २०२१ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात घरातल्या सगळ्या वयाच्या माणसांना धरलं आहे. आधी त्यांना स्वतःला क्षय नाही ना हे तपासायचं, मग गोळ्या. कुठे आठवड्यातून एकदा असे १२ डोस, कुठे सहा महिने रोज. पण धडधाकट माणूस विचारतो, माका काय झालाहा म्हणून मी गोळी खाव? याचं उत्तर द्यायला त्याच्या ओटीवर कुणीतरी दहा मिनिटं बसावं लागतं.

ते कुणीतरी म्हणजे सध्या आशाताई. साधारण हजार लोकांमागे एक. सपाटीवर हजार लोक एका हाकेत असतात, आमच्याकडे ते तीन डोंगरांवरच्या सात वाड्यांत असतात. मोबदल्याचा काही भाग कामाच्या मोजणीनं, आणि त्यासाठीही आंदोलनं करावी लागतात. माझी मागणी मोठी नाही. संसर्गजन्य आजाराचं निदान झालं की आठवड्याच्या आत कुणीतरी त्या घरात जावं आणि गोळ्यांची पाकिटं मोजायच्या आधी रुग्ण झोपतो कुठे ते पाहावं. खिडकी उघडते का. शेजारी कोण झोपतं. घरात म्हातारं, तान्हं, गरोदर कोण आहे. पलंग पडवीत हलवता येईल का, पडवीला झड येत असेल तर ग्रामपंचायतीनं दोन पत्रे द्यावेत. हो, पत्रे. क्षयासाठी पत्रे मागणारी ही कोण बाई म्हणून हसतील, पण १९८३ च्या जूनमध्ये आमच्या पडवीला दोन पत्रे असते तर काका माजघरात आला नसता. आणि या भेटीचा मोबदला आशाताईला वेगळा मिळावा. घरातली लागण ही घराची खासगी बाब आहे असं आपण धरून चाललो आहोत. चाकरमानी गावात यायचा तेव्हा मात्र ती गावाची बाब होती, तेव्हा समित्या होत्या, शिक्के होते, फळ्यावर नावं होती. बंदी घालायला गाव आणि सांभाळायला घर, अशी ही वाटणी आहे.

गेल्या गणपतीला भाऊ मुंबईहून चतुर्थीच्या आदल्या रात्री आला तो अंगात कणकण घेऊन. पावसाळ्याचे हे दिवस आपल्याकडे फ्लूचेच असतात आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण भरलेल्या गाड्यांतून येऊन ऐंशीच्या आयांना मिठी मारतो. मी त्याचं अंथरूण पडवीत घातलं. आता पुढे पत्र्याची शेड आली आहे, झड येत नाही. न्हाणीकडे जाताना मास्क, आरतीला खळ्यात. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, “चार दिसांसाठी इलो तो, आणि तेका भायर घातलंस?” मी म्हटलं, भायर नाय, वाऱ्यावर. तिला ते पटलं नाही. पण पेज घेऊन ती स्वतः गेली आणि तीन हात लांब, पायरीवर बसून त्याला खायला लावलं, आमच्यातल्याच ताटात. पाचव्या दिवशी विसर्जनाला तो बरा होता. आईला काही झालं नाही. ते पडवीमुळे की नशिबानं, कोण सांगणार.

खांबाचा खिळा अजून आहे. भावानं जाताना त्याला आपला मास्क अडकवून ठेवला होता. आईनं दुसऱ्या दिवशी केर काढताना तो उचलून केराबरोबर टाकून दिला.